स्क्रोल कॉम्प्रेसर : सात वर्षे वापरल्यानंतरचा अभिप्राय

एका मोठ्या कार्यालयीन इमारतीची वातानुकूलन यंत्रणा आणि त्याच आवारातल्या दोन शीतखोल्या यांची देखभाल माझ्याकडे आहे. सात वर्षांपूर्वी तिथले पिस्टनचे जुने कॉम्प्रेसर (थंड करणारा वायू दाबणारी यंत्रे) टप्प्याटप्प्याने निघाले आणि त्यांच्या जागी स्क्रोल कॉम्प्रेसर असलेली नवी युनिट बसली. आज गच्चीवर आठ आणि शीतखोल्यांना तीन, असे एकूण अकरा स्क्रोल माझ्या देखरेखीखाली चालतात. त्यांपैकी एक मेला, एक थोडक्यात वाचला आणि बाकीचे नऊ विनातक्रार चालू आहेत. अमुक कंपनीचा घ्या, तमुक कंपनीचा घेऊ नका, असे सांगण्यासाठी हा अभिप्राय लिहिलेला नाही. स्क्रोल ही यंत्ररचनाच रोजच्या वापरात कशी ठरते, ती कोणाच्या सोयीची आहे आणि तिच्याबद्दल विकताना जे सांगितले जाते त्यातले किती खरे मानावे, एवढ्यापुरताच तो आहे. निर्णय आधीच सांगून टाकतो. वातानुकूलनासाठी मी पुन्हा स्क्रोलच घेईन. मात्र ‘स्क्रोलला द्रव गॅस चालतो’, म्हणजे यंत्रात फिरणारा थंडाव्याचा गॅस वायू न होता द्रवरूपातच कॉम्प्रेसरमध्ये आला तरी बिघडत नाही, हे जे सर्रास सांगितले जाते ते मी आता कोणाकडूनही ऐकून घेत नाही, कारण आमचा मेलेला कॉम्प्रेसर त्याच समजुतीने मेला.

तो कॉम्प्रेसर भंगारात देण्यापूर्वी आम्ही त्यातले तेल काढले, ग्राइंडरने त्याचे वरचे झाकण वेल्डच्या रेषेवर कापले आणि आतला ऐवज टेबलावर मांडला. इतकी वर्षे मी ज्या यंत्राचे फक्त गेजवरचे दाब आणि टाँग टेस्टरवरचे अँपिअर वाचत होतो, ते त्या दिवशी पहिल्यांदा हातात आले. मुख्य भाग दोनच. एका जाड चकतीवर उभी केलेली धातूची भिंत, घड्याळाच्या स्प्रिंगसारखी केंद्रापासून बाहेर उलगडत गेलेली, आणि तशीच दुसरी चकती. दुसरी चकती पहिलीच्या तुलनेत १८० अंशांनी फिरवून तिच्यावर पालथी घातली की एकीची भिंत दुसरीच्या भिंतींमधल्या मोकळ्या जागेत बसते. दोन्ही भिंती काही ठिकाणी एकमेकींना टेकतात आणि त्या टेकण्याच्या दोन जागांमध्ये चंद्रकोरीच्या आकाराचे बंद कप्पे तयार होतात. वरची चकती पक्की बसवलेली असते. खालची मोटारीच्या दांड्याच्या वरच्या टोकाला, मध्यापासून थोड्या सरकलेल्या खुंटीवर बसते, त्यामुळे दांडा फिरला की ती एका लहानशा वर्तुळात हलते.

हलते हे महत्त्वाचे, कारण ती स्वतःभोवती फिरत नाही. नव्या मुलांना हे समजावून सांगताना मी त्यांना काच पुसायला लावतो. फडके घेऊन आपण काचेवर हात गोल गोल फिरवतो तेव्हा तळहात वर्तुळात जातो, पण बोटे सारा वेळ वरच्या दिशेलाच असतात. खालच्या चकतीची हालचाल अगदी तशी आहे. तिला स्वतःभोवती फिरू न देण्याचे काम ओल्डहॅम कपलिंग नावाची एक कडी करते. या कडीला एका बाजूस दोन आणि दुसऱ्या बाजूस, त्यांच्याशी काटकोनात, दोन असे उंचवटे असतात आणि ते चकतीतल्या व चौकटीतल्या खाचांमध्ये सरकत राहतात. आमच्या टेबलावरची कडी साध्या वॉशरसारखी दिसत होती. ती नसती तर चकती दांड्याबरोबर गरगरली असती आणि दाब निर्माणच झाला नसता.

मी खालची चकती बोटाने ढकलत एक फेरी पूर्ण केली आणि बाहेरच्या कडेला तयार झालेला कप्पा डोळ्यांदेखत आत सरकत, लहान होत केंद्राकडे गेला. कॉम्प्रेसरचे सगळे काम एवढेच आहे. इव्हॅपोरेटरकडून, म्हणजे खोलीतली उष्णता शोषणाऱ्या कॉइलकडून, आलेला थंड, कमी दाबाचा वायू बाहेरच्या उघड्या टोकातून आत शिरतो, टोक बंद होते, कप्पा आत सरकतो, जागा कमी होत जाते तसा दाब वाढत जातो आणि केंद्राशी पोहोचलेला वायू स्थिर चकतीच्या मधल्या भोकातून डिस्चार्जला, म्हणजे बाहेर जाणाऱ्या नळीत, निघून जातो. आत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत साधारण दोन ते तीन फेऱ्या लागतात. म्हणजे कोणत्याही क्षणी बाहेरच्या कप्प्यात वायू भरत असतो, मधल्यात दाबला जात असतो आणि केंद्रातून बाहेर पडत असतो. ५० हर्ट्झवर दोन ध्रुवांची मोटार मिनिटाला सुमारे २९०० फेरे करते, तेव्हा हे सारे सेकंदाला ४८ वेळा घडते. पिस्टनमध्ये वायू ठोक्याठोक्याने बाहेर येतो, स्क्रोलमध्ये तो जवळजवळ अखंड धारेने येतो. डिस्चार्जच्या नळ्यांची थरथर आणि त्या थरथरीने जोडांना जाणाऱ्या बारीक चिरा आमच्याकडे जवळपास थांबल्या, त्याचे कारण हेच आहे. जुन्या मशीनच्या वेळी गच्चीखालच्या मजल्यावरून आवाजाच्या तक्रारी नेहमीच्या होत्या. आता त्या आल्या की मी आधी पंख्याचे बेअरिंग तपासतो, कॉम्प्रेसर नव्हे.

दुसरा गुण कानांना ऐकू येत नाही, पण कडक उन्हाळ्यात कळतो. पिस्टन वर गेला तरी त्याच्या आणि व्हॉल्व्हच्या पट्टीच्या मध्ये थोडी जागा उरतेच. त्या जागेत अडकलेला जास्त दाबाचा वायू पिस्टन खाली येताना पुन्हा फुगतो आणि नव्या वायूची जागा खातो. बाहेर जितकी उष्णता जास्त तितका हेड प्रेशर, म्हणजे बाहेर पडणाऱ्या वायूचा दाब, जास्त, आणि तितका हा तोटा मोठा. म्हणजे थंडाव्याची सर्वाधिक गरज असते नेमकी तेव्हाच पिस्टनची क्षमता घसरते. स्क्रोलमध्ये केंद्राशी पोहोचलेला वायू जवळजवळ पूर्ण बाहेर जातो. मागे राहून फुगणारे काही उरत नाही आणि सक्शनला, म्हणजे वायू आत शिरतो त्या बाजूला, व्हॉल्व्हच नसल्यामुळे तिथला दाबाचा तोटाही वाचतो. आमच्या सभागृहाचे युनिट पूर्वी ऐन दुपारी हात टेकायचे, आता ते टेकत नाही. विजेच्या मीटरमध्येही फरक दिसला, परंतु त्याचे सारे श्रेय मी स्क्रोलला देणार नाही, कारण युनिट बदलताना उष्णता बाहेर टाकणाऱ्या कंडेन्सर कॉइलही नव्या आणि मोठ्या आल्या होत्या. केवळ कॉम्प्रेसर बदलून बिल अर्धे होईल असे कोणी सांगत असेल तर त्याला आधी कॉइलची अवस्था विचारावी.

ही कल्पना नवी नाही. लेऑन क्रू या फ्रेंच अभियंत्याने १९०५ साली तिचे पेटंट घेतले होते. त्यानंतर ती कित्येक दशके कागदावर राहिली. वातानुकूलनासाठी स्क्रोल कॉम्प्रेसर बाजारात आला तो १९८०च्या दशकात : जपानमध्ये हिताची कंपनीने १९८३च्या सुमारास आणि अमेरिकेत कोपलँड कंपनीने १९८७ साली तो आणला. इतका उशीर का झाला असावा, हे त्या दोन चकत्या हातात घेतल्यावर आपोआप कळते. भिंतीचा वळसा पहिल्या इंचापासून शेवटपर्यंत गणिताने ठरलेल्या वक्ररेषेवरच हवा, तिची उंची सगळीकडे सारखी हवी आणि दोन्ही भिंतींमधली फट काही मायक्रॉनच्या हिशेबात हवी. ती फट शेवटी तेलाच्या पातळ थराने बंद होते. संगणकाने चालणारी यंत्रे येईपर्यंत असे काम एकेक नग करून दाखवणे शक्य होते, कारखान्यात लाखोंनी काढणे शक्य नव्हते.

आता त्या वादग्रस्त गुणाकडे येतो. आमच्या युनिटमधल्या बनावटीत दोन्ही चकत्या एकमेकींना जखडलेल्या नसतात. हालणारी चकती बाजूला थोडी सरकू शकते, आणि वरची-खालची पकडही दाबानेच टेकवलेली असते. त्यामुळे कप्प्यात द्रवाचा एखादा घोट किंवा बारीक कचरा आला तर भिंती क्षणभर एकमेकींपासून दूर होतात, तो जाऊ देतात आणि पुन्हा टेकतात. पिस्टनच्या बाबतीत असा घोट व्हॉल्व्हची पट्टी तोडतो, कधी कनेक्टिंग रॉड वाकवतो. दुसऱ्या काही बनावटींत भिंतीच्या वरच्या कडेला खाच पाडून तीत सील बसवलेले असते आणि तिथे ही सवलत वेगळ्या प्रमाणात मिळते. यावरूनच ‘स्क्रोलला द्रव चालतो’ हे वाक्य जन्माला आले आहे. ते चकत्यांपुरते खरे आहे. संपूर्ण कॉम्प्रेसरपुरते ते खोटे आहे.

आमच्या शीतखोलीत घडले ते असे. इव्हॅपोरेटरमध्ये किती द्रव सोडायचा ते ठरवणाऱ्या एक्स्पान्शन व्हॉल्व्हचा बल्ब, म्हणजे तापमान ओळखणारी त्याची नळकांडी, सक्शनच्या नळीवर ज्या पट्टीने बांधलेला असतो ती पट्टी सैल झाली होती. बल्ब नळीला टेकण्याऐवजी आजूबाजूची हवा मोजू लागला, व्हॉल्व्हला नळी गरम आहे असे वाटत राहिले आणि तो गरजेपेक्षा जास्त उघडा राहिला. इव्हॅपोरेटरमध्ये न उकळलेला द्रव गॅस परत कॉम्प्रेसरकडे येत राहिला. खोली थंड होती, गेजवरचे दाब पाहून कोणी चिंता करावी असे नव्हते, म्हणून कोणाची तक्रार आली नाही. फक्त कॉम्प्रेसरच्या टाकीवर, म्हणजे त्याच्या बाहेरच्या धातूच्या आवरणावर, दव होते आणि ते दव पार तळापर्यंत उतरले होते. देखभालीच्या ठेक्यावर आलेल्या तंत्रज्ञाला मी ते दाखवले तेव्हा त्याने तेच वाक्य ऐकवले, की स्क्रोल आहे, त्याला चालते. मी ते मान्य केले याचे मला आजही वाईट वाटते. काही आठवड्यांनी एका पहाटे ब्रेकर पडला तो पुन्हा टिकेना. मेगरने, म्हणजे इन्सुलेशन तपासणाऱ्या मीटरने, तपासले तर मोटारीची वाइंडिंग टाकीला लागलेली.

कागदावर कारण लिहिले गेले ‘मोटार जळाली’. टाकी उघडल्यावर वेगळेच दिसले. दोन्ही चकत्यांच्या भिंती जवळजवळ नव्यासारख्या होत्या, बोटाला कुठे चरा लागत नव्हता. पण दांड्याच्या खालच्या बेअरिंगची आतली बाजू घासून एका अंगाला लंबगोल झाली होती, दांडा कलला होता आणि रोटरने (मोटारीच्या फिरत्या भागाने) स्टेटरच्या (स्थिर भागाच्या) पत्र्यावर नखाच्या रुंदीएवढा चकचकीत पट्टा उमटवला होता. तेल पाण्यासारखे पातळ आणि काळपट झालेले होते. परत येणारा द्रव टाकीच्या तळाशी तेलात मिसळत होता आणि ते पातळ झालेले तेल बेअरिंगपर्यंत पोहोचूनही तिथे थर धरत नव्हते. भिंतींनी द्रव सहन केला, बेअरिंगने केला नाही. बेअरिंग गेल्यावर दांडा कलला, दांडा कलल्यावर रोटर घासला आणि शेवटी वाइंडिंग गेली. मोटार जळाली हा त्या साखळीचा शेवट होता. ज्याने फक्त शेवट पाहून नवा कॉम्प्रेसर बसवला असता, त्याचा नवा कॉम्प्रेसरही त्याच सैल बल्बने मारला असता.

म्हणून स्क्रोलबरोबर काही गोष्टी मी आता अनिवार्य मानतो. टाकीचा तळ चालू अवस्थेत कोमट असला पाहिजे. सक्शन शिरते त्या जागी घाम असणे ठीक आहे, पण तळावर दव दिसले की काम थांबवून कारण शोधायचे. कॉम्प्रेसरजवळ सक्शनचे सुपरहीट, म्हणजे वायू उकळबिंदूच्या किती अंश वर तापला आहे ते, मोजायचे, ते १० अंशांच्या आसपास किंवा थोडे वर हवे. बंद मशीनमध्येही गॅस तेलाकडे ओढला जातो आणि थंड तेलात मुरतो, म्हणून तळाशी बांधलेला क्रँककेस हीटर कधी बंद करायचा नाही. पुरवठा बराच काळ बंद असेल तर सुरू करण्याआधी निदान १२ तास हीटर चालू ठेवायचा. सुट्टीनंतर वीज आली की लगेच मशीन सुरू करायची घाई जिथे होते, तिथले स्क्रोल लवकर जातात आणि मग दोष कंपनीला दिला जातो.

थोडक्यात वाचलेल्या कॉम्प्रेसरची गोष्ट निराळी आहे. इमारतीच्या मुख्य पॅनेलचे काम करताना बाहेरून आलेल्या माणसांनी दोन फेजच्या तारा अदलाबदल करून जोडल्या. काम संपल्यावर पहिले युनिट सुरू केले आणि त्यातून खडखडाट असा आवाज आला की मला वाटले आत काहीतरी तुटले. गेज लावले तर सक्शन आणि डिस्चार्जचे काटे जवळजवळ होते तिथेच, अँपिअर नेहमीपेक्षा खूपच कमी, आणि आतल्या ब्लोअरची हवाही मंद. ब्लोअरची ती मंद हवा आठवली म्हणून चूक लगेच सापडली, कारण तीन फेजवर चालणारा ब्लोअरही उलटा फिरत होता. पिस्टनच्या कॉम्प्रेसरला फिरण्याची दिशा कोणती याने दाब निर्माण होण्यात फरक पडत नाही. स्क्रोल उलटा फिरला तर कप्पे केंद्रातून बाहेर मोठे होत जातात, वायू दाबला जात नाही आणि त्याच्याबरोबर येणारा थंडावाही मोटारीला मिळत नाही. काही मिनिटांत मोटार तापली की वीज तोडणारा आतला संरक्षक उघडतो. आमचा वेळेवर बंद केला म्हणून वाचला. तारा बदलल्या, त्याच आठवड्यात सर्व युनिटना फेजचा क्रम तपासणारा रिले बसवला. ही वस्तू कॉम्प्रेसरच्या मानाने किरकोळ आहे आणि ती पॅनेलमध्ये नसेल तर स्क्रोलचे युनिट मी ताब्यात घेत नाही.

याच्याशी जोडलेली एक बाब नव्या वापरकर्त्याला घाबरवते. मशीन बंद होताना स्क्रोल क्षणभर खडखडतो, कारण डिस्चार्जच्या बाजूचा वायू मागे येताना चकतीला उलटे ढकलतो. आतला चेक व्हॉल्व्ह हे लगेच थांबवतो. हा दोष नाही. मात्र क्षणभर वीज जाऊन परत आली तर लहान, एक फेजची मोटार असलेला स्क्रोल त्या उलट्या गतीतच पुन्हा सुरू होऊ शकतो, म्हणून बंद झाल्यापासून पुन्हा सुरू होईपर्यंत सुमारे तीन मिनिटांचा विलंब टायमरने राखावा. आतला संरक्षक उघडला असेल तर तो थंड होऊन मिटायला तासभर किंवा त्याहून जास्त लागू शकतो. टाकी गरम असताना मीटरवर वाइंडिंग तुटलेली दिसली म्हणून कॉम्प्रेसर मेला असे ठरवून तो काढून टाकल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. पंख्याची हवा द्या, थांबा, मग मोजा.

स्क्रोलची खरी मर्यादा त्याच्या भूमितीतच आहे. भिंतीला किती वळसे आहेत यावरून बाहेरचा कप्पा आणि केंद्राचा कप्पा यांच्या आकारमानाचे प्रमाण ठरते, आणि ते कारखान्यात एकदाच ठरते. वातानुकूलनात इव्हॅपोरेटर ५ अंश आणि कंडेन्सर ४५ अंश धरला तर आर-४१०ए या गॅसचा निरपेक्ष दाब सुमारे तीन पट वाढवावा लागतो. गेजवर हे आकडे साधारण १२० आणि ३८० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) असे दिसतात. या कामासाठी बनवलेला स्क्रोल याच भागात सर्वांत सुखी असतो. पण उणे ३० अंशांच्या गोठवणखोलीत आर-४०४एवर हेच गुणोत्तर दहाच्या आसपास जाते. वातानुकूलनासाठीचा स्क्रोल तिथे लावला तर केंद्रातला कप्पा उघडताना त्यातला दाब कमीच असतो, बाहेरचा वायू धक्क्याने आत घुसतो आणि पुन्हा दाबावा लागतो. काम वाढते, डिस्चार्ज तापते, तेल जळू लागते. डिस्चार्जच्या नळीवर कॉम्प्रेसरपासून १५ सेंटिमीटरवर तापमान १०५ अंशांच्या पुढे जाऊ लागले की मी धोक्याची घंटा समजतो, कारण आतले तापमान त्याहून बरेच वर असते. गोठवणीसाठी बनवलेले स्क्रोल वेगळे असतात. त्यांच्या मधल्या भोकावर आपोआप उघडझाप करणारा व्हॉल्व्ह असतो आणि मधल्या कप्प्यात थोडा वायू किंवा द्रव सोडून तापमान आवरले जाते. आमच्या उणे २० अंशांच्या शीतखोलीत असा वायू सोडणारा स्क्रोल आहे, आणि तो जोडणीतल्या छोट्या उष्णता विनिमयकामुळे द्रवालाही जास्त थंड करतो, त्यामुळे क्षमता वाढते. तरीही खोल गोठवणीच्या मोठ्या कामासाठी मला विचारले तर मी सेमी-सील्ड (बोल्ट काढून उघडता येणारे) पिस्टन किंवा स्क्रू (मळसूत्रांनी वायू दाबणारे) कॉम्प्रेसर यांचाही विचार करा असेच सांगेन.

क्षमता कमी-जास्त करण्याचा प्रश्न मात्र स्क्रोलने चांगला सोडवला आहे. सर्वांत साधा मार्ग म्हणजे एका मोठ्याऐवजी दोन किंवा तीन स्क्रोल एकाच सर्किटवर जोडणे आणि गरजेप्रमाणे एकेक चालू-बंद करणे. आमच्या गच्चीवर दोन-दोनच्या जोड्या आहेत आणि वर्षातला बहुतेक काळ त्यांतला एकच चालतो. या जोडणीत तेल दोघांत सारखे राहणे हे सारे मर्म आहे. त्यासाठी तळाशी तेल समान करणारी नळी असते, तिचा उतार किंवा आकार कोणी ‘सोयीने’ बदलला तर एक कॉम्प्रेसर तेलाने भरतो आणि दुसरा कोरडा पडतो. दुसरा मार्ग डिजिटल स्क्रोलचा. यात विजेने उघडझाप होणारा एक सोलेनॉइड व्हॉल्व्ह वरची चकती सुमारे एक मिलिमीटर वर उचलतो. भिंती सुटल्या की मोटार फिरत राहते, पण वायू दाबला जात नाही. वीस सेकंदांच्या चक्रात दहा सेकंद टेकवली आणि दहा सेकंद उचलली की निम्मी क्षमता मिळते, आणि अशा रीतीने १० ते १०० टक्के असा पल्ला मिळतो. तिसरा मार्ग इन्व्हर्टरने वेगच बदलण्याचा. आंशिक भारावर वीज वाचवण्यात इन्व्हर्टर पुढे आहे, पण त्याचे इलेक्ट्रॉनिक कार्ड उष्णता आणि धूळ यांना नाजूक असते. शीतखोलीत मला डिजिटल जास्त आवडला, कारण तापमान जवळजवळ सरळ रेषेत राहते आणि बिघडणारी वस्तू म्हणजे बदलता येणारा एक व्हॉल्व्ह.

दुरुस्तीच्या बाबतीत मी स्क्रोलला कमी गुण देतो. सेमी-सील्ड पिस्टनचे हेड उघडून व्हॉल्व्हची पट्टी बदलता येते. स्क्रोल वेल्डने बंद केलेला असतो, आतले काहीही गेले की सबंध नग बदलायचा. त्यामुळे बदलण्याचे काम नीट होणे हाच दुरुस्तीचा अर्थ उरतो, आणि तिथेच हलगर्जी होते. आर-४१०ए, आर-४०४ए, आर-१३४ए यांच्यासाठी लागणारे पीओई तेल हवेतला ओलावा झपाट्याने ओढून घेते. नव्या कॉम्प्रेसरची बुचे काढून तो दुपारभर उघडा ठेवला तर तो बसण्यापूर्वीच बिघडलेला असतो. ब्रेझिंग करताना, म्हणजे नळ्यांचे जोड डाखताना, नळीतून नायट्रोजन वाहता ठेवला नाही तर आत काळी काजळी धरते आणि ती पुढे व्हॉल्व्हच्या जाळीत व बेअरिंगमध्ये जाते. ड्रायर, म्हणजे ओलावा शोषणारी गाळणी, बदलायचाच, आणि मोटार जळून मेला असेल तर तेलाची आम्लता तपासून सक्शनलाही तात्पुरता ड्रायर लावायचा. व्हॅक्यूम ५०० मायक्रॉनपर्यंत (इथे मायक्रॉन हे दाबाचे माप) न्यायचा, पंप बंद करून तो टिकतो का ते पाहायचे, आणि पंपाच्या जागी कॉम्प्रेसरच वापरण्याचा उद्योग कधीही करायचा नाही, कारण व्हॅक्यूममध्ये विजेच्या टर्मिनलपाशी ठिणगी पडून नवाकोरा नग तिथेच संपतो. आमचा बदली कॉम्प्रेसर बसवताना मी सबंध दिवस उभा होतो, आणि त्याने चौथे वर्ष पूर्ण केले आहे.

जुन्या आर-२२च्या युनिटमध्ये नवा स्क्रोल टाकू पाहणाऱ्यांनी नगावरची पट्टी नीट वाचावी. ४५ अंशांच्या कंडेन्सिंगला आर-२२चा गेजवरचा दाब २३५ पीएसआयच्या आसपास असतो, आर-४१०एचा त्याच्या दीडपटीहून जास्त. जुन्या कॉइल आणि नळ्या त्या दाबासाठी बनवलेल्या नसतात, तेलही वेगळे. पुढचे पाऊल आता गॅसच्या बाबतीत पडत आहे. मॉन्ट्रियल करारातल्या २०१६च्या किगाली दुरुस्तीनंतर जास्त तापमानवाढ करणारे गॅस टप्प्याटप्प्याने कमी केले जात आहेत. तापमानवाढीचा अंक (कार्बन डायऑक्साइडच्या किती पट ते) आर-४०४एचा ३९२२, आर-४१०एचा २०८८ आणि आर-३२चा ६७५ आहे. आर-३२ डिस्चार्जला जास्त तापतो आणि थोडा ज्वलनशील आहे, म्हणून त्याच्यासाठी मंजूर केलेलाच स्क्रोल लागतो. आज जो नवे युनिट घेणार आहे त्याने पुढच्या पंधरा वर्षांत हा गॅस मिळेल का, हा प्रश्न कॉम्प्रेसरच्या अश्वशक्तीइतकाच आग्रहाने विचारावा.

कार्यालये, रुग्णालये, दुकाने, प्रयोगशाळा, मध्यम तापमानाच्या शीतखोल्या, म्हणजे काही टनांपासून (इथे टन हे थंड करण्याच्या क्षमतेचे माप) काही दशक टनांपर्यंतची कामे, यांच्यासाठी स्क्रोलला पर्याय म्हणून दुसरे काही सुचवावे असे मला वाटत नाही. त्याहून मोठ्या एकाच यंत्राची गरज असेल तर स्क्रू किंवा सेंट्रिफ्यूगल यांचे क्षेत्र सुरू होते. मात्र जिथे देखभाल करणाऱ्याकडे व्हॅक्यूमचा मायक्रॉन गेज नाही, नायट्रोजनची बाटली नाही आणि सुपरहीट मोजायची सवय नाही, तिथे स्क्रोल घेण्याआधी या तीन गोष्टींची सोय करावी. खरेदीच्या आदेशात मी आता पाच गोष्टी लिहून घेतो : फेज रिले, क्रँककेस हीटर, पुन्हा सुरू होण्याचा विलंब, डिस्चार्जच्या नळीवर तापमानाचा संरक्षक आणि सुरू करून देताना कॉम्प्रेसरपाशी मोजलेल्या सुपरहीटची सहीनिशी नोंद. शेवटची नोंद मागितली की काही विक्रेते कुरकुर करतात. त्यांच्याकडून मी घेत नाही.